वर्षावासातला एक उपसर्ग

१३ जुलै २०२५, रविवार

निकिता नापास!

जर्मनची बी-टू परीक्षा. वर्षभर शनिवार पेठेत क्लासला जातेय, हॉस्पिटलची नाइट ड्यूटी करून जातेय — आणि नापास. सांगितलं कसं? "मम्मी, नाही झालं गं." आणि वर दोन वडापाव खाल्ले. मी रडले, ती जेवली! कसल्या काळजाची पोर आहे, कोण जाणे.

सप्टेंबरात पुन्हा बसता येईल म्हणे. तिकडचं जर्मनीतलं हॉस्पिटल थांबायला तयार आहे, पण तेवढंच. तेव्हाही नाही जमलं, तर तिची जागा दुसऱ्या कुठल्या नर्सला. संपलं.

यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. मार्केट यार्डात कांद्याचे भाव बघण्यात आयुष्य गेलं, दुसरं काय सुचणार — "पडलेला कांदा परत चढतोच की."

म्हटलं, अहो, पोरगी आहे ती, कांदा नाही!

१५ जुलै, मंगळवार

ठरलं. रोज सकाळी सहाला मी तिचा अभ्यास घेणार. जर्मन येत नाही तर नाही! पाठांतर तर घेता येतं. टेलिफोन खात्यात होते तेव्हा निम्म्या पुण्याचे नंबर तोंडपाठ होते मला.

माझी स्वतःची रड वेगळीच. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हौसेनं पालीच्या एम.ए.ला नाव घातलं. पहिल्या सत्रात व्याकरणानं नाक घासायला लावलं. सोडून द्यावं असं मनात आहे. घरात बोलले नाही अजून. आधी हिचं बघू.

निकिता म्हणाली, "मम्मी, तू सिरियस आहेस?" — हो. आहे!

१८ जुलै, शुक्रवार

हा काय प्रकार आहे? पुस्तकाचं आख्खं पान, आणि प्रत्येक क्रियापदाच्या डोक्यावर तेच — 'वेर'. विकणं — वेर. हरवणं — वेर. विसरणं — वेर. समजणं, वचन देणं, मनाई करणं, फूल कोमेजणं — सगळीकडे वेर!

निकिता म्हणते, "इथेच सगळ्यांची वाट लागते. क्लासच्या कादंबरी मॅम म्हणतात, लॉजिक शोधू नका, पाठ करा."

लॉजिक शोधू नका? असं कसं! ही चिमूटभर अक्षरं उगाच कोण सगळीकडे चिकटवत बसेल?

दुपारी भांडी घासताना एकदम लख्ख प्रकाश पडला. वेरमणी! पंचशील म्हणताना रोज तोंडात असतो तो शब्द. वेरमणी म्हणजे दूर राहणं, परावृत्त होणं. आणि विकलं की वस्तू दूर जाते. हरवली की दूर जाते. विसरलं की दूर जातं. तोच वेर! तसल्याच साबणाच्या हातानं यांना फोन लावला. तिकडे लिलाव चाललेला.

"राधा, कुणी गेलं का?"

गेलं नाही हो, सापडलंय!

"मग संध्याकाळी सांग." ठेवला.

अंगावर काटा आलाय. आत्ता लिहितानाही आहे.

२१ जुलै, सोमवार

काटा उतरला. माधव सरांनी उतरवला.

भाषाशास्त्र शिकवतात आम्हाला. स्वतः कधीचे निवृत्त, पण सोमवारी येतात. पेठेतला माणूस — आवाज चढवत नाहीत, गरजच पडत नाही. तास संपल्यावर त्यांना वेरमणीचं सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "राधाताई, वेरमणीत 'वि' आहे आणि 'रम्' आहे. आपला 'वेर' आपण मधोमध करवत लावून काढलात."

मी वहीत वेरमणी लिहून मधे रेघ मारून बघितली.

"शिवाय जर्मन माणूस तिथे 'व' लिहितो आणि 'फ' म्हणतो. फेर. मुलीला विचारलंत?"

नव्हतं विचारलं! मीच वाचलं, मीच ठरवलं, मीच नाचले!

"नुसता आवाज जुळला म्हणून नाती जोडायला आपण वधूवर सूचक मंडळ चालवतो का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी उचलली. तर म्हणाले, "थांबा. संशय बरोबर आहे, पत्ता चुकलाय. आपल्याकडे जिथे 'प', तिथे त्या लोकांकडे 'फ'. आता जा घरी आणि शोधा."

उत्तर दिलंच नाही. गृहपाठ दिला! या वयात!

२२ जुलै

प तिथे फ. प तिथे फ. वरण करपलं.

२५ जुलै, शुक्रवार

आजची सकाळ मी कधी विसरणार नाही.

निकिता दात घासत होती. मी म्हटलं, मी पाली शब्द सांगते, तू जर्मन सांग. पिता! ती ब्रश तोंडात धरून म्हणाली, "फाटर." पाद! "फूस." पंच! "फ्युन्फ." पुण्ण — म्हणजे भरलेलं, पूर्ण! "फोल." एकेक बार उडत होता नुसता. प-फ, प-फ, प-फ! हे आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले, काय झालं म्हणून.

मग मी म्हटलं, आता तुझा तो 'फेर'. फ काढ, प घाल.

निकितानं ब्रश काढला. "पर... परि?"

परि! परिनिब्बानातला परि! आणि नुसता 'प' — पजहति, म्हणजे सोडून देतो, त्यातला 'प', संस्कृतातला 'प्र'. दूर जाणं, सुटणं, पार होणं... आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. नळ तसाच चालू.

कुणी सांगितलं असेल त्या जर्मन लोकांना? कुणीच नाही. हजारो वर्षांपूर्वी कुठेतरी एकच माणसं होती. एकाच चुलीभोवती बसलेली. मग काही इकडे निघाली, काही तिकडे. गुरं बदलली, देव बदलले, अन्न बदललं, रंगरूप बदललं. आणि हा एवढासा उपसर्ग मात्र दोघांच्याही तोंडात राहिला. साम्राज्यं गेली हो. राजवाड्यांचे दगड गेले. तोंडातली वाफ राहिली!

निकिताचे डोळे भरले होते. म्हटलं, काय झालं गं? म्हणे टूथपेस्ट गेली.

२८ जुलै, सोमवार

सरांनी सगळा तास माझ्या प्रश्नावर घेतला. बाकीची पोरं माझ्याकडे खाऊ का गिळू अशी बघत होती.

जर्मनच्या नात्यातली एक जुनी भाषा — गॉथिक. मेली. बोलणारं कुणी उरलं नाही. पण पंधराशे वर्षांपूर्वीचं एक हस्तलिखित उरलंय — जांभळ्या रंगवलेल्या कातड्यावर चांदीची अक्षरं. सरांनी फोनवर चित्र दाखवलं. चांदी काळवंडलीय, तरी चमकते. त्यात हे उपसर्ग अजून वेगवेगळे दिसतात — एक नाही, तीन! फ्रा, फेर, फोर. सरांनी फळ्यावर त्यांच्यासमोर आपले मांडले — प्र, परि, आणि पुढे-आधी या अर्थाचा पुर. तिघं सख्खे. पुढे जर्मन लोकांच्या बोलण्यात झिजून झिजून तिघांचा एकच 'फेर' झाला. म्हणून त्या पानावर हरवणं आणि मनाई करणं शेजारी शेजारी बसलेत. तीन भावांनी एकच सदरा घातलाय, ओळखणार कसं?

मी विचारलं, सर, हे पक्कं का?

"उपसर्गांचं नातं पक्कं. प्रत्येक शब्दात तिघांपैकी कोण लपलाय, ते नेहमी सांगता येत नाही. जिथे सांगता येत नाही, तिथे गप्प बसायचं. जमेल आपल्याला?"

प्रयत्न करीन म्हटलं.

गॉथिकमध्ये 'फ्रालेटान' म्हणजे जाऊ देणं. आणि क्षमा करणं! दोन्हीला एकच शब्द. मी तो घरी येईपर्यंत बसमध्ये पुटपुटत होते. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

एम.ए. सोडत नाही. कोण सोडेल!

३ ऑगस्ट, रविवार

विसरणं — फेरगेसेन. मी विचारायच्या आधीच निकिता म्हणाली, "मम्मी, त्याचा जुना अर्थ हातात धरलेलं सुटणं. इंग्लिशमधलं फर्गेटही तेच." मी चाट! मग मी एक वाक्य वाचलं, तर माझी चूक दाखवली. मग उच्चार सुधारला.

हिला एवढं येतं, तर नापास कशी झाली? परीक्षा घेणाऱ्यांचीच एकदा परीक्षा घ्यायला पाहिजे.

संध्याकाळी गच्चीवर फोनवर जर्मन बोलत होती. घडाघडा. मधेच हसली पण. सराव करतेय म्हणे. तरी मला अजून रोज सकाळी सांगते — "मम्मी, ते तीन भाऊ परत सांग ना."

परत सांगते. मला काय, कितीदाही सांगेन.

९ ऑगस्ट, शनिवार

एक गोष्ट मनात येते. लिहून टाकते, म्हणजे तिथून जाईल.

नापास झाली तर?

तर जाणार नाही. इथेच राहील. सकाळी माझ्यासमोर केस बांधत बसेल.

शी! आई आहेस की कोण? गावकुसाबाहेरून निघालेलं घर आपलं. तिची पणजी लोणी काळभोरच्या पलीकडे कधी गेली नाही. आणि ही विमानानं निघालीय, तर हिच्या पायात मी येऊ?

पण येतं मनात. काय करू? येतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

स्वयंपाक राहिलाय. तरी आजच लिहायचं.

सर म्हणाले, "राधाताई, आज आपल्याला एक शब्द देतो. बसून घ्या." फळ्यावर लिहिलं — फोरबिउदान. गॉथिक. मनाई करणं. आजच्या जर्मनमध्ये फेरबीटेन. तिकडे दारांवर, भिंतींवर पाट्या असतात — फेरबोटेन. आत येऊ नका.

"उपसर्ग काढा. धातू उरतो बिउद. आपला कुठला?"

मी म्हटलं, नाही सांगता येत, म्हणून गप्प बसते. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हा सांगता येतो. पक्का आहे. आपण रोज म्हणता."

बिउद... बुध. बुज्झति. बुद्ध.

बुद्ध!

सर सावकाश सांगत गेले. मूळ अर्थ जागं होणं, ध्यानात येणं. आपल्याकडे तो शब्द जागेपणातच राहिला — बोध, बोधी, बुद्ध, प्रबुद्ध. तिकडे गेला तो ध्यानात आणून देणं झाला. मग बजावून सांगणं. मग हुकूम. पुढे उपसर्ग लागला, आणि मनाई झाली. शब्द एकाच घरातून निघाला. इथे झाडाखाली बसला, तिथे दारावर पहारा करत उभा राहिला.

मला रडू आवरेना. भर वर्गात! शोभतं का? पण काय करणार, बालपणापासून ज्याच्यापुढे हात जोडले, ते नाव समुद्रापलीकडच्या पाटीवर निघालं. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले, माझं होईपर्यंत. मग म्हणाले, "पुढचा मुद्दा घेऊ."

३१ ऑगस्ट, रविवार

आज विहारात माझी पाळी होती. वर्षावास चालू आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी कुणी ना कुणी वाचतं, बोलतं. बायका बहुतेक वाचतात. मी बोलायचं ठरवलं. पांढरी साडी नेसले.

आणि दारात बघते तो माधव सर! निकितानं कळवलं होतं म्हणे. चपला नीट जोडून ठेवल्या आणि मागच्या ओळीत सतरंजीवर बसले. खुर्ची दिली, ती नको म्हणाले.

मी 'प' पासून सुरुवात केली. पंच-फ्युन्फ म्हटलं, तर पोरं खिदळली. तीन भाऊ सांगितले. मग पाटी सांगितली, आणि तिच्यातला बुद्ध सांगितला.

कमिटीचा सेक्रेटरी अभय हात वर करून म्हणतो, "काकू, छान आहे, पण याचा धम्माशी काय संबंध? वेळ कमी आहे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, संबंध? अरे, आपल्या पूर्वजांना सांगितलं होतं — हे शब्द तुमचे नाहीत, बोलायचे नाहीत, कानावरही पडू द्यायचे नाहीत. आणि ते शब्द बघ कुठवर फिरून आले! बर्फात गेले, जांभळ्या कातड्यावर गेले, परक्याच्या दारावर गेले. कुणाला विचारून गेले का? कुणाच्या बापाचे आहेत ते? जो म्हणेल त्याचे! मी म्हणते, माझे. निकिता म्हणते, तिचे.

बोलून गेले आणि मग आठवलं की मागे सर बसलेत. मान खाली होती त्यांची.

तेवढ्यात लोणीच्या गोदाबाई, यांची मावशी, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "म्या ल्हान व्हते तवा हिरीवर पाटी नव्हती. तरी समद्यांस्नी ठावं व्हतं, कुनी पानी भरायचं न् कुनी नाय. आन् आता ही म्हन्ती, त्या 'येऊ नका'च्या पोटात आपला बुद्धच जागा हाय!" आणि खळखळून हसल्या. दात नाहीत तोंडात. सगळा विहार हसला. मग कुणीतरी साधू म्हणालं, म्हणजे छान झालं, मग सगळे म्हणाले — साधू, साधू, साधू.

निकिता फोन वर धरून रेकॉर्ड करत होती.

१ सप्टेंबर, सोमवार

सर भेटले. "उपसर्ग सगळे बरोबर होते. वेळ पाच मिनिटं जास्त घेतलीत." दोन पावलं गेले, वळले — "त्या पाच मिनिटांसाठीच आलो होतो असं समजा."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या परीक्षा. मला झोप नाही, जेवण नाही. ती पाय पसरून मोबाइल बघतेय. विचारलं, भीती नाही वाटत? म्हणे, "तू आहेस ना."

खरं सांगते, आता मनापासून वाटतंय — पास व्हावी. जावं तिनं. त्या पाट्या स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात.

१३ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

पासपोर्ट! ओळखपत्र म्हणून तोच लागतो, आणि हा इथे टेबलावर! फोन उचलत नाही. रिक्षा बोलावलीय. परीक्षा केंद्रावर जाते.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

परीक्षा नव्हतीच. वॉचमन म्हणाला, "ताई, आज इथं काहीच नाही."

दुपारी घरी आल्यावर निकितानं कबूल केलं — जुलैमध्येच पास झाली होती. यांना माहीत होतं. वर्षावास संपला की दुसऱ्या दिवशी तिचं विमान आहे.

पाठीत एक धपाटा घातला तिच्या. का गं? का खोटं बोललीस?

"पास झाले म्हटलं असतं, तर त्याच दिवसापासून तू मला पोचवायला लागली असतीस, मम्मी. लोणची, लाडू, बॅगा, पाहुणे. नापास पोरीलाच आई जवळ घेऊन बसते."

आता झोपलीय, माझ्या मांडीवर. उद्या सहाला उठवणार आहे. दोन पानं राहिलीत अजून.